पाणी, चहा, पोहे, धूर

पुण्यात पाहुण्याची पत त्याच्यापुढे काय ठेवलं जातं त्यावरून ठरते. मीटर बघायला आलेल्याला पाणी. वर्गणी मागायला आलेल्याला चहा, तोही घरात आधीच टाकलेला असेल तर. सांगून आलेल्याला पोहे. नारायण पेठेतल्या आमच्या एका काकांकडे या उतरंडीत सगळ्यात वर आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे धूर. हा मान आजवर फार थोड्यांना मिळालेला आहे. काकांचे व्याही आले होते तेव्हा धूर निघाला. त्यांच्या जुन्या बँकेतले एक मोठे साहेब आले तेव्हाही निघायचा होता. पण पोहे खाता खाता साहेब म्हणाले, हल्ली रेल्वेपेक्षा एक्स्प्रेसवेच बरा. बेत जागच्या जागी रद्द झाला.

काकांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर लोक धूर बघायला येतील आणि तेल संपेल.

हो, तेल. छोट्या रेल्वेगाड्यांच्या वाफेच्या इंजिनातून जो धूर निघतो तो एका पातळ, रंगहीन तेलाचा असतो. शौकीन मंडळी त्याला स्मोक फ्लुइड म्हणतात, काकू त्याला ‘ते जर्मन’ म्हणतात. ‘ते जर्मन उचला इथून, मला कणीक मळायचीय,’ असं एक वाक्य त्या घरात अधूनमधून ऐकू येतं. नव्याने आलेली माणसं तेवढ्याने दचकतात.

काकांना हा नाद कोथरूडला लागला. तिथे जी. ए. कुलकर्णी पथावर भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. १ एप्रिलचा मुहूर्त धरून सुरू केलेली गोष्ट पुढे इतक्या गांभीर्याने चालवायला पुणंच पाहिजे. ज्यांच्या कथांतून सहसा कोणी सुखरूप परत येत नाही त्या जी. एं.च्या नावाचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर इवल्याशा गाड्या सिग्नलला शिस्तीत थांबतात, सुखरूप घरी पोचतात. पोरं बघत राहतात, आणि पोरांना घेऊन आलेले बाप हळूहळू पोरांच्या पुढे येऊन उभे राहतात. काका नातवाला घेऊन गेले होते. बाहेर पडल्यावर नातवाने भेळ मागितली. काकांनी रुळांची किंमत विचारली.

आता त्यांच्या मागच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवूडवर बोर घाट आहे. पूर्वी तिथे पाहुण्यांची गादी असे, त्यामुळे काकूंच्या माहेरचं कोणी हल्ली मुक्कामाला राहत नाही. यात काकांचं नुकसान नेमकं कोणतं, हे मला अजून कळलेलं नाही. खऱ्या बोर घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी वर चढली. काकांचा घाट त्याहून जास्त काळ चालू आहे. बोगदे थर्माकोलचे, डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा आणि वर खरवडलेल्या नारळाच्या शेंडीचं गवत. एका बोगद्याच्या तोंडाशी नीट पाहिलं तर कुणाच्या तरी श्रद्धांजलीची अर्धी ओळ वाचता येते.

इंजिन मात्र अस्सल. जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्याने ते आणलं. काळं कुळकुळीत, लाल चाकांचं आणि पोटात धुराची सोय असलेलं. आल्या दिवशी काकांनी जाहीर केलं की ही आपली डेक्कन क्वीन. वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब राहतात. ते चप्पल न घालताच खाली आले.

‘डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली,’ गार्डसाहेब म्हणाले, ‘ती विजेवर. घाटात तारा आधी ओढल्या, मग गाडी आणली. ती धूर सोडणार कुठून? तिला धुराडंच नाही.’

काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. दर १ जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनचा वाढदिवस होतो, केक कापतात, आणि काका त्या गर्दीत असतात. पण माणूस प्रेमात पडला की सनावळ्या विसरतो. शेवटी तोडगा निघाला तो मिरजेचा. पुण्याहून मिरजेला जाणारी मीटरगेज गाडी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होती आणि तिला वाफेची इंजिनं होती. साताऱ्याला आजोळी निघालेल्या त्या पिढीच्या डोळ्यांत खिडकीतून कोळशाची कणी गेलेली आहे. पदराचं टोक पिळून ती कणी काढणारी आत्याही प्रत्येकाच्या घरात होती. तेव्हा धूर काढायचा तो मिरज गाडीचा, असं ठरलं. मिरज गाडी बोर घाटात कशी काय येईल हा प्रश्न गार्डसाहेबांच्या ओठांवर आला होता, पण तेवढ्यात चहा आला.

या धुराचं यंत्र बोटाच्या पेराहून मोठं नसतं. इंजिनाच्या धुराड्यात एक धातूचं नळकांडं बसवलेलं असतं. त्याच्या आत एक बारीक नळी, आणि तिच्याशी तापणाऱ्या तारेची गुंडाळी. रुळांतून येणारी वीज गुंडाळीला मिळते, ती तापते, जवळच्या तेलाची वाफ होते, वाफेचा बुडबुडा बारीक नळीतून वर उसळतो आणि बाहेरच्या गार हवेत आला की त्याचे डोळ्याला न दिसण्याइतके बारीक थेंब होतात. त्या असंख्य थेंबांवर उजेड पडला की आपण म्हणतो, धूर. म्हणजे हे तेलाचं धुकं. घरोघरी भिंतीत खोचलेल्या डासांच्या मशीनची ही लांबची बहीण आहे, फक्त हिच्याने डास मरत नाहीत.

यावर कोणी ‘म्हणजे खोटाच की!’ म्हणालं, तर काकांकडे उत्तर तयार असतं. खऱ्या इंजिनाच्या डोक्यावर दिसणारा पांढरा लोटसुद्धा धूर नव्हताच. ते गार होऊन थिजलेल्या वाफेचे पाण्याचे थेंब. खरा धूर काळा, आणि काळा धूर फार निघाला तर त्याचा अर्थ फायरमन कोळसा वाया घालवतोय. पांढरा तो थाट, काळा तो हलगर्जीपणा. हे वाक्य काका इतक्या ठसक्यात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटतं, गृहस्थ बँकेत नव्हते, पुण्याच्या लोको शेडमध्येच होते.

मोठ्या माणसांनी खेळण्यातून धूर काढायचा हट्ट पूर्वीही कमी केलेला नाही. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९४६ साली धूर सोडणारं इंजिन बाजारात आणलं. त्यात इंजिनाच्या दिव्यावरच एक खळगा होता. त्या खळग्यात अमोनियम नायट्रेटची गोळी ठेवायची, दिवा तापला की धूर. धूर निघाला खरा, पण त्या वाफेने आतले धातू खायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी कंपनीने दिवा काढून तापणारी तार बसवली आणि गोळीही बदलली. अमोनियम नायट्रेट म्हणजे शेतात घालायचं खत, आणि सुरुंगाच्या दारूतही तेच. ते पोरांच्या खेळण्यात घालून नाताळात विकायला दुसरं महायुद्ध नुकतंच जिंकलेला देश लागतो. नंतर तेलं आली आणि प्रकरण निवळलं. आता अमेरिकेत या तेलाला नाताळच्या झाडाचा किंवा कॉफीचा वाससुद्धा लावून मिळतो. काकूंनी एकदा विचारलं, धुपाचा मिळेल का, म्हणजे संध्याकाळचं एक काम वाचेल.

पुण्यात हे तेल वाण्याकडे मिळत नाही. ते येतं भाच्याच्या बॅगेतून. भाचा परत जाताना बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, आणि कुणी तरी कुणाच्या तरी सुनेसाठी दिलेला, पण उघडून बघायचा नाही असा एक डबा असतो. येताना त्या बदल्यात पन्नास मिलिलिटरची एक बाटली येते. हा व्यापार तोट्याचा आहे असं काकूंचं स्पष्ट मत आहे. भाच्याचंही स्वतःचं म्हणणं आहे. असल्या तेलाची बाटली विमानात न्यायची तर आधी विमान कंपनीला विचारावं लागतं, हातातल्या बॅगेत सहसा शंभर मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ चालत नाही, आणि बाटलीवरचं चित्र बघून तपासणी करणारा माणूस खुलासा मागतो. ‘हे माझ्या मामाच्या इंजिनाचं तेल आहे,’ हा खुलासा खरा असला तरी ऐकायला बरा वाटत नाही.

ते चित्र महत्त्वाचं आहे. लाल चौकटीत एका काळ्या माणसाचा अर्धपुतळा, आणि त्याच्या छातीत चांदणी फुटलेली. बाटली पहिल्यांदा घरात आली तेव्हा काका चष्मा शोधत होते. काकूंनी तेवढ्यात ते चित्र पाहिलं आणि निर्णय दिला: ‘हे देवघराच्या कपाटात राहणार नाही.’ काका म्हणाले, थंड आणि अंधारी जागा पाहिजे असं लिहिलंय. नारायण पेठेत थंड आणि अंधारी जागा म्हणजे सगळं घर.

इथून पुढे काही दिवस बाटलीने घरात फिरती केली. आधी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर होती, निलगिरीचं तेल आणि ओव्याचा अर्क यांच्या मध्ये. या दोघांना तिथे काकूंच्या सासूबाईंच्या काळापासून जागा आहे आणि आतला पदार्थ आता काय असेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मग काकांना एक युक्ती सुचली. मूळ बाटलीतून थेंब मोजून पडत नाहीत म्हणून त्यांनी थोडं तेल होमिओपथीच्या रिकाम्या ड्रॉपरच्या बाटलीत काढलं. दिसायला पाणी, वास जवळजवळ नाही, आणि बाहेर लेबल ‘सर्दीसाठी, दिवसातून ३ वेळा’.

त्या दुपारी काकूंचा जो आवाज निघाला तो गार्डसाहेबांनी वर ऐकला, आणि या बाबतीत काकूंची बाजू शंभर टक्के खरी होती. विनोद जरा बाजूला ठेवतो. हे तेल दिव्यात जाळायच्या शुद्ध केलेल्या पॅराफिनच्या जातीचं असतं. ते इतकं पातळ असतं की लहान मुलाने घोटभर जरी घेतलं तरी पोटाऐवजी फुप्फुसात शिरू शकतं, आणि तिथे ते वाईट उत्पात करतं. छातीत फुटलेली चांदणी त्याचीच. असं कधी झालंच तर मुलाला उलटी करवायची नाही, कारण येताना तेच तेल पुन्हा श्वासनलिकेत जातं. बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा. आणि म्हणून हे तेल दुसऱ्या कोणत्याही बाटलीत काढायचं नाही. औषधाच्या नाही, सरबताच्या तर मुळीच नाही. झाकण घट्ट, बाटली उभी, मुलांच्या हाताच्या वर, गॅस आणि समईपासून लांब. आता ती काकांच्या लोखंडी कपाटात बँकेच्या लॉकरची कागदपत्रं असतात त्या खणात आहे. किल्ली काकूंच्या कमरेला.

किल्ली हातची गेल्यावर काका हिशेबाकडे वळले. निवृत्त बँकवाल्यापुढे पन्नास मिलिलिटर ठेवले की त्याला त्यात मुद्दल दिसतं. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. म्हणजे बाटलीत हजार थेंब. इंजिनाला एका वेळी दहा थेंब पुरतात, म्हणजे शंभर वेळा धूर. एका भरण्यात फार तर आठ-दहा मिनिटं. या हिशेबाची एक वही आहे. डावीकडे तारीख, मग पाहुण्याचं नाव, मग थेंब, मग शिल्लक, आणि उजवीकडे ‘शेरा’. शेऱ्याचा रकाना मी एकदा चोरून वाचला. ‘बघितलं पण मोबाइलवर बोलत होते.’ ‘मुलगा हुशार, सिग्नलबद्दल विचारलं.’ ‘खोकल्या.’ माझ्या नावापुढे शून्य थेंब आणि शेरा, ‘लेखक’.

असं जपलं की वर्षातून पाच-सहा वेळाच धूर निघतो, आणि बाटली काकांच्या नातवाच्या लग्नापर्यंत सहज पुरते. यात काकांना काही वावगं वाटत नाही, आणि या गावात कोणालाच वाटणार नाही. पैठणी, चांदीची ताटं, पाहुण्यांचे कप, रंगीत पेन्सिलींचा परदेशी डबा, हे सगळं वापरायचं नसतं, असायचं असतं. पण माझं मत विचाराल तर धुराचं तेल या यादीत बसत नाही. या पदार्थाला उडून जाण्याव्यतिरिक्त दुसरा गुणच नाही. चांदीचं ताट कपाटात असलं तरी चांदीचंच असतं. कपाटातलं धुराचं तेल म्हणजे नुसतंच तेल, आणि त्यात साधी भजीसुद्धा तळता येत नाहीत.

पुरवठा मर्यादित म्हटल्यावर पर्याय सुचवणारे पुढे आले. पेठेत सल्ल्याचा तुटवडा कधीच नसतो. एक म्हणाले, रॉकेल घाला, पूर्वी सगळं रॉकेलवरच चालायचं. काकांनी त्यांना वहीतून कायमचं काढून टाकलं आणि ते योग्यच झालं. रॉकेलची वाफ साधारण चाळीस अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा तिथवर एकटाच जातो, त्याला तापलेल्या तारेची मदत कशाला? दुसऱ्याने डासांच्या मशीनमधलं औषध सुचवलं. त्यात कीटकनाशक असतं आणि घरात नातू असतो, यापेक्षा जास्त काही सांगायची गरज पडली नाही.

तिसरा सल्ला मोहक होता. आमच्याच गल्लीतल्या मंडळाचा एक कार्यकर्ता गणपतीत जिवंत देखाव्यासाठी धुराचं मशीन चालवतो. त्या मशीनच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन येतो, आणि विसर्जनानंतर निम्मा उरतो. पाच लिटर! काकांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि त्यांना क्षणभर खाली बसावं लागलं. पण ते पाणीच आहे, पाणी आणि ग्लायकॉल. तेलासाठी केलेल्या इंजिनाच्या नळीत ते घातलं तर धूर तर निघत नाहीच, वर गुंडाळीवर चिकट थर बसतो. आमच्या गावातल्या धुराच्या घराण्यांची सरमिसळ होऊ देता कामा नये. मंडळाच्या देखाव्यात आणि पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत ग्लायकॉलचा. लग्नात नवरी स्टेजवर चालत येते तेव्हा तिच्या पायाशी लोळतो तो ड्राय आइसचा, म्हणजे उणे ७८ अंशांचा कार्बन डायऑक्साइड, जड म्हणून जमिनीलगत राहतो. जत्रेतल्या खेळात राक्षस यायच्या आधी मशालीवर टाकत ती राळ. आणि एकांकिकेतला धूर स्वप्न दाखवायला असतो की नेपथ्य झाकायला, हा मतभेद १९६३ पासून, म्हणजे करंडक सुरू झाल्यापासून, मिटलेला नसावा.

प्रत्यक्ष वापराचा विधी बघण्यासारखा असतो. अर्थात बघायला मिळाला तर. काकू कपाट उघडतात. काका सुई काढलेल्या सिरिंजने तेल घेतात आणि धुराड्यात थेंब सोडतात. या वेळी खोलीत कोणी बोलायचं नाही. दहाच्या ऐवजी वीस थेंब पडले तर जास्त धूर निघेल असं भोळ्या माणसाला वाटतं. उलट होतं. नळी काठोकाठ भरली की बुडबुड्याला उसळायला जागा राहत नाही. आत नुसती गुळगुळ होते, धुराड्यातून तेलाचे शिंतोडे उडतात आणि ते बघणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टवर पडतात. अशा वेळी जास्तीचं तेल सिरिंजने परत ओढून घ्यावं लागतं. काका ते परत बाटलीत टाकतात, आणि वहीत जमा धरतात.

मग पंख्याचा प्रश्न येतो. पंखा चालू असला की धूर धुराड्यातून बाहेर पडतो न पडतो तोच विरून जातो, म्हणून पंखा बंद. दार-खिडकी बंद करायचाही काकांचा आग्रह असे, पण धुकं झालं तरी ते तेलाचं आहे आणि ते आपण नाकाने आत घेतो, तेव्हा एक खिडकी उघडी राहिलीच पाहिजे, ही काकूंची अट. घरात कुणाला दमा असेल तर धूर नाहीच. मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद असलेल्या मागच्या खोलीत सहा माणसं घामाने निथळत एका प्लायवूडभोवती उभी असतात, आणि काका म्हणतात, ‘थंडीत या खरं म्हणजे, थंडीत जास्त छान दिसतो.’

आणि तरीही, इंजिन जेव्हा हलतं आणि धुराड्यातून पहिला झुबका येतो तेव्हा सगळे गप्प होतात. मागून टेबललॅम्पचा उजेड, पुढे काळा डोंगर, आणि त्यावर चढत जाणारी पांढरी रेघ. हिशेबाने हे चुकीचंच आहे. गाडी मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. तासाला साठ किलोमीटरचा वेग तिच्या मापात सेकंदाला जेमतेम एकोणीस सेंटीमीटर होतो. पण धूर काही सत्त्याऐंशीव्या भागाने वागत नाही. हवा तीच, थेंब तेच, तो आपल्या नेहमीच्या चालीने उठतो आणि आपल्या मर्जीने वळतो. गाडी खेळण्याची आणि धूर खऱ्या मापाचा. मला वाटतं, लोक गप्प होतात ते या गफलतीमुळेच. गार्डसाहेबसुद्धा. ते फक्त एवढंच म्हणतात, ‘शिट्टी हवी होती.’

धूर संपला की काम सुरू होतं, आणि या भागासाठी पाहुण्यांना थांबवून घेत नाहीत. हवेत गेलेलं तेल कुठेतरी बसतंच. ते रुळांवर बसतं, नारळाच्या शेंडीच्या गवतावर बसतं, स्टेशनच्या छपरावर बसतं, आणि मग पेठेतली धूळ त्याच्यावर बसते. रुळांवर तेलाचा पातळ थर आला की चाकांना वीज नीट मिळत नाही, गाडी आचके देते. आणि चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. खऱ्या घाटात चढ सदतीसला एक आहे. चाकं सरकू नयेत म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडतात, आणि कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात. काकांना वाळू चालत नाही, ती दातेरी चक्रांत जाते, आणि मागून लावायला दुसरं इंजिन नाही. त्यामुळे मिरज गाडी घाटात अडकली की काका तर्जनीने ढकलतात. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा घेऊन रूळ पुसायचे, सगळे. त्यासाठी जुन्या पंच्याचे तुकडे करून ठेवलेले आहेत, त्यांचीही मोजदाद आहे.

एवढी सगळी शिस्त असताना अनर्थ झाला तो काटकसरीने. दिवाळीत व्याही पुन्हा आले. वहीत शिल्लक बघून काकांनी दहाच्या जागी चारच थेंब घातले. व्याही काय, आता घरचेच. चार थेंबांचा धूर दोन-तीन मिनिटांत संपला. पण व्याह्यांनी त्याच वेळी डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधल्या ऑम्लेटचा विषय काढला, काका रंगात आले, आणि इंजिन फिरत राहिलं. नळी कोरडी, तार तापतेय. अशा साध्या युनिटांचा नियमच आहे की तेल नसेल तर तार तापू द्यायची नाही. तेलच तिला गार ठेवत असतं. थोड्या वेळाने जळका वास आला. काकूंना वाटलं चिवडा करपला. चिवडा व्यवस्थित होता.

गार्डसाहेबांनी युनिट उघडून पाहिलं आणि फक्त मान हलवली. नव्या युनिटची किंमत तेलाच्या कितीतरी बाटल्यांएवढी आहे. वाचवलेले थेंब सहा. काकांनी त्या तारखेसमोर शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आहे. काकूंनी मात्र पेन्सिलने तिथे भाच्याचा फोन नंबर लिहिला.

नवं युनिट डिसेंबरात भाच्याबरोबर येतंय. तोवर धूर बंद आहे, मिरज गाडी बिनधुराची चालते, आणि गार्डसाहेबांच्या मते आता तिला डेक्कन क्वीन म्हणायला हरकत नाही. ज्यांच्याकडे असलं इंजिन असेल त्यांनी एवढं करावं: थेंब पुरते घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि गप्पा लांबल्या तर आधी धुराचा खटका बंद करा. कुणाला तेल हवं असल्यास काकांच्या कपाटात बाटली पाऊण भरलेली आहे. ते देणार नाहीत, पण विचारून बघा.